सोमिलाचे अर्धे वाक्य

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नगरात भद्रसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व दूरच्या एका गावी जन्माला आला. त्याचे नाव संवर. वयात आल्यावर तो विद्या शिकला, देशोदेशी हिंडला आणि शेवटी पोतनात येऊन राजाचा अमात्य झाला. संवर शहाणा होता हे सगळेच सांगतात. त्याला एक खोडही होती, ती मात्र कोणी सांगत नाही. अर्धवट राहिलेली गोष्ट त्याला चैन पडू देत नसे. कोणी गोष्ट सांगता सांगता पाणी प्यायला उठले, तर संवर त्याच्या मागोमाग माठापर्यंत जाई.

सभेत पहिल्याच दिवशी त्याचे लक्ष सिंहासनासमोरच्या फरशीकडे गेले. तिथे दगडात मनगटाएवढी एक गोल खाच होती. कडा वापरून गुळगुळीत झालेल्या, आत मात्र धूळ. शेजारी चौरंगावर सोन्याने मढवलेली एक काठी ठेवली होती. ज्याला बोलायचे असेल तो ती उचली, राजाची चार शब्दांत वाहवा करी आणि काठी परत ठेवून देई.

"या खाचेत काय असायचं?" संवरने शेजारी बसलेल्या कोषाध्यक्ष पिंगलाला विचारले.

पिंगलाने मान वर करून छताकडे पाहिले. "यंदा छत छान रंगवलंय, नाही?" तो म्हणाला.

झाले! संवरची खोड जागी झाली. तो याला विचारी, त्याला विचारी. कोणी खोकत, कोणाला एकदम घरचे काम आठवे. शेवटी तुकडे जोडून त्याला कळले ते असे.

त्या खाचेत पूर्वी खैराच्या लाकडाची एक साधी काठी उभी असे. राजाच्या आजोबांच्याही आधीपासूनची रीत होती, की जो ती काठी हातात घेईल त्याला बोलणे संपेपर्यंत राजानेसुद्धा अडवायचे नाही. बोलून झाले की त्यानेच ती आपल्या हाताने खाचेत उभी करायची. मध्येच कोणी ती हिसकावून घ्यायची नाही. एका वर्षी नदीला पूर आला आणि काठच्या गावांची शेते वाहून गेली. त्यांतल्या एका गावचा मुखिया शेतसारा माफ करा म्हणून सांगायला आला. पण पीक उत्तम आहे असे दरबाऱ्यांनी राजाला आधीच सांगून ठेवले होते, आणि राजाला ते आवडलेही होते. मुखिया खोटारडा ठरला आणि त्याला फटके बसले. तेव्हा सोमिल नावाचा सभासद उठला. त्याने काठी घेतली आणि म्हणाला, "असंच चालत राहिलं, तर महाराज, एक दिवस असा येईल की या सिंहासनावर..."

एवढ्यात राजाने हात वर केला. पहारेकऱ्यांनी सोमिलाला धरले. काठी हिसकावून घ्यायचा धीर मात्र एकालाही झाला नाही. म्हणून सोमिल काठीसकट बंदिशाळेत गेला आणि त्याला आता बरीच वर्षे झाली होती.

"पण वाक्य पुढे काय होतं?" संवरने विचारले.

हे मात्र सगळ्यांना माहीत होते. सेनापती उग्रक म्हणाला, "मी या कानांनी ऐकलंय. सिंहासनावर शत्रू येऊन बसेल, असं म्हणाला तो." पिंगल म्हणाला, "छे! शत्रू कुठला? उपाशी रयत येऊन बसेल, असं म्हणाला." राजपुरोहिताने घुबड बसेल हे शब्द स्वतः ऐकले होते. संवर चकित झाला. आणखी थोडे दिवस गेल्यावर त्याच्या ध्यानात आले की उग्रक सीमेवरच्या सैन्याच्या काळजीने झुरतो, पिंगलाने नुकताच सारा वाढवला आहे आणि पुरोहिताला अपशकुनाशिवाय दुसरे काही दिसत नाही. ज्याने त्याने आपापली भीती त्या अर्ध्या वाक्याला जोडली होती.

अशात राजकन्येचे लग्न ठरले. मुलाकडची मंडळी मोठ्या राज्याची, नेमधर्माची. त्यांच्याकडून निरोप आला की एका सभासदाला बोलल्याबद्दल कोंडून ठेवले आहे असे ऐकतो, ते खरे असेल तर या घरी सोयरीक कशी करावी? राजा अडचणीत सापडला. सोमिलाला ठेवावे तर लग्न मोडते, सोडावे तर राजा व्याह्यांना घाबरला असे लोक म्हणतात. दरबारात खलबते सुरू झाली. उग्रक म्हणाला, त्याने दाती तृण धरून शरण यावे, मग सोडू. पिंगल म्हणाला, त्याला वेड लागले आहे अशी दवंडी पिटू. वेड्याला सोडण्यात कोणाची मान खाली जात नाही. सोमिलाकडे जायचे कोणी, एवढाच प्रश्न होता. सगळ्यांनी संवरकडे बोट दाखवले. संवर तर केव्हाचा निघायच्या तयारीत होता.

बंदिशाळेच्या खोलीत एका उंच झरोक्यातून ऊन येत होते. त्या उन्हात एक वाळलेला म्हातारा बसला होता आणि मांडीवर खैराची काठी होती. तो इतका खोकत होता की संवरला बराच वेळ काही बोलताच आले नाही. रखवालदार हळूच म्हणाला, "वैद्यबुवा बघून गेले. येता पावसाळा काढणं कठीण आहे म्हणाले."

संवरने दोन्ही निरोप सांगितले.

"गवत काय, खाईन सुद्धा," सोमिल म्हणाला. "पण ते कशाबद्दल खायचं, तेवढं सांगा. आणि वेडा म्हणून सुटलो, तर त्या मुखियाची बाजू एका वेड्यानेच घेतली होती असं लोक म्हणतील. त्याच्या पाठीवर अजून वळ असतील हो."

"सोमिलकाका, एक विचारू? ते वाक्य पुढं काय होतं?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत एकदम चमक आली. "का? ते काय म्हणतात? काय काय म्हणालो मी?"

संवरने शत्रू सांगितला, उपाशी रयत सांगितली, घुबडही सांगितले. सोमिल हसता हसता खोकला आणि खोकता खोकता हसला. "घुबड! हे पुरोहिताचं असणार. आणि महाराज काय म्हणतात?"

"त्यांना विचारायचा धीर कोणाला आहे?"

"मग विचारा. मलाही ऐकायचंय."

"पण तुम्ही काय म्हणणार होता?"

सोमिलाने काठीवरून हात फिरवला. "अमात्य, ते वाक्य सभेतलं आहे. सुरू तिथे झालंय, संपेलही तिथेच. इथे तुम्हाला सांगितलं तर ते कानगोष्ट होईल. अन् कानगोष्टी करणाऱ्याला धरलं, तर ते बरोबरच आहे की." एवढे बोलून तो पुन्हा खोकू लागला.

संवर परत आला, तो राजाने त्याला एकट्याला बागेत बोलावले. राजा दुष्ट नव्हता. बरीच वर्षे हट्टाला पेटून थकलेला माणूस होता.

"गवत धरतो म्हणाला?"

"नाही महाराज."

राजा थोडा वेळ फेऱ्या मारत राहिला. मग थांबून म्हणाला, "हे बघ संवर. तिथे तू एकटाच गेला होतास. तो काय म्हणाला ते तू सांगशील तेच खरं. त्याने क्षमा मागितली एवढं उद्या सभेत म्हण. तो सुटेल, लग्न होईल, कोणाचं काही बिघडत नाही. आणि महामात्याची जागा रिकामीच आहे."

या बोलण्याने बोधिसत्त्वाचे मन हलले नाही असे कोणी सांगू नये. महामात्यपदाचा मोह त्याला फारसा नव्हता, पण त्या खोकल्याचा आवाज अजून त्याच्या कानात होता. दोन शब्द खोटे बोलले की म्हातारा घरच्या ओसरीवर उन्हात बसेल. एवढी स्वस्त दया जगात क्वचितच मिळते. 

"महाराज," शेवटी तो म्हणाला, "त्याचं एक वाक्य आधीच आम्ही सगळ्यांनी मिळून पुरं केलंय. त्या वाक्यापायीच तो आत आहे. आता दुसरं मी रचू? मग मी आणि ते घुबडवाले यांत फरक काय राहिला?"

"घुबड? कसलं घुबड?"

संवरने सगळ्यांची वाक्ये सांगितली. राजा ऐकत गेला तसा त्याचा चेहरा बदलला. "पण तो तर म्हणाला होता की सिंहासनावर माझा धाकटा भाऊ बसेल!"

"तुम्ही ऐकलंत?"

 आपण हात केव्हा वर केला ते राजाला आठवले. त्यानंतर सोमिल बोललाच नव्हता.

"म्हणजे तो काय म्हणणार होता?" राजाने विचारले, आणि बागेत आता दोघे जण होते ज्यांना ते जाणून घेतल्याशिवाय चैन पडणार नव्हते.

"त्याला सभेत आणा. वाक्य संपवू द्या."

"आणि तेव्हा त्याने सगळ्यांदेखत माझा पाणउतारा केला तर?"

"तर त्याच्या खोलीत मी जाऊन बसेन. तो घरी जाईल."

राजाने त्याच्याकडे रोखून पाहिले. "शब्द दिलास हं. मी तो मोडू देणार नाही," तो म्हणाला, आणि ते त्याने थट्टेने म्हटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सभा खच्चून भरली. सोमिल काठी टेकत टेकत आला. त्याच जागी, त्याच खाचेशेजारी उभा राहिला.  सोमिलाने बोलायला सुरुवात केली, पण त्या आवाजात आता काही उरले नव्हते. पहिल्या रांगेलाही ऐकू जाईना. उग्रक पुढे वाकला. पिंगलाने कानामागे हात धरला. राजाने काही वेळ सिंहासनावरूनच कान टवकारले. मग तो उठला, पायऱ्या उतरला आणि सोमिलाजवळ येऊन उभा राहिला.

"असंच चालत राहिलं," सोमिल म्हणाला, "तर महाराज, एक दिवस असा येईल की या सिंहासनावर..." इथे त्याला खोकला आला. सभेत कोणी हलले नाही. राजाचा उजवा हात सवयीने थोडा वर गेला होता, तो त्याने डाव्या हाताने धरून ठेवला.

"...या सिंहासनावर बसलेल्या माणसाला सगळे हो म्हणतील, आणि नदी दारात आली तरी त्याला कोणी सांगणार नाही."

त्याने काठी खाचेत उभी केली. आतल्या धुळीमुळे ती जराशी तिरकी राहिली.

 मग राजा दरबाऱ्यांकडे वळला. "नदीकाठचं पीक यंदा कसं आहे?" त्याने विचारले.

"उत्तम, महाराज!" सगळे एका सुरात म्हणाले.

राजाने डोळे मिटले. "संवर?"

"मला माहीत नाही, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "मी तिकडे गेलेलो नाही. उद्या सकाळी जाऊन बघतो."

तेव्हा राजाला रडू आले. तो म्हणाला, "सोमिल, मी तुला क्षमा केली."

"कशाबद्दल, महाराज?"

सोमिलाने हे रागाने विचारले नाही. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. राजाने उत्तर शोधले. मग त्याने जे केले ते पोतनात कोणी पूर्वी पाहिले नव्हते. त्याने वाकून खाचेतली काठी उचलली आणि बोलणाऱ्याच्या जागी स्वतः उभा राहिला. सिंहासन मागे रिकामे होते. त्यावर ना भाऊ बसला ना घुबड.

"काठी माझ्या हातात आहे. मला कोणी अडवू नका," राजा म्हणाला. "मी या माणसाचं बोलणं तोडलं. तो काय म्हणणार हे मला ठाऊक नव्हतं, तरी त्याची इतकी वर्षं घेतली. मुखियाला मारलं. सोमिल, मी तुझी क्षमा मागतो."

पुरोहित पुटपुटला, "आता हा हो म्हणेल आणि सगळं गोड होईल."  पण सोमिलाने आधी सभेच्या दारातून सगळे आभाळ पाहून घेतले; बंदिशाळेच्या झरोक्यातून त्याचा तुकडाच दिसे.

"महाराज, तुमच्यासारखी गवताची अट मी घालणार नाही," तो सावकाश म्हणाला. "पण इतक्या वर्षांची क्षमा एका दुपारी मागून होत नसते. विचार करतो." तो दाराकडे निघाला. संवरने हात पुढे केला, तो त्याने धरला. उंबऱ्याशी थांबून त्याने मागे वळून विचारले, "उद्या सभा आहे ना?"

"आहे," राजा म्हणाला. काठी अजून त्याच्याच हातात होती.

ही गोष्ट शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, विहारात सांगितली ती अशा वेळी, की एका भिक्षूने आदल्या दिवशी दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडून त्याला उद्धट ठरवले होते आणि आज तो मोठ्या मनाने त्याला क्षमा करायला आला होता. गोष्ट संपवून शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा भद्रसेन म्हणजे हा क्षमा करायला आलेला. सोमिल म्हणजे हा, ज्याला क्षमा करायची आहे तो. आणि ती गोष्ट पुरी ऐकल्याशिवाय ज्याला चैन पडेना, तो अमात्य मीच होतो. दयेपोटीसुद्धा दुसऱ्याच्या तोंडी खोटे घालायचे नाही, या सत्याच्या पारमितेचा, म्हणजे सत्य पूर्णत्वाला नेण्याचा, मी त्या जन्मी अभ्यास केला."

 मग तो क्षमा करायला आलेला भिक्षू सोबत्याजवळ सरकला आणि म्हणाला, "काल तू काहीतरी सांगत होतास. पुढे काय होतं?"