शेजारच्या झाडाची सफरचंदं

इंग्लंडात घर घेतलेल्या वत्सलाबाई चक्रावून गेल्या होत्या. कुंपणावरून वाकलेल्या फांदीची सफरचंदं त्यांच्या अंगणात पडली, बाईंनी मुरांबा घातला, तर शेजारचे निवृत्त वकील हॅरिसनसाहेब दारात हजर.

"फांदी कुठंही वाकू दे, फळ माझंच. इथला कायदा आहे."

अंगण आपलं आणि फळ त्याचं? त्यांच्या सावंतवाडीत पडलेल्या आंब्याचा मालक कुणी विचारत नसे. बाईंना उलगडा होईना.

पानगळीत मात्र त्यांनी पाल्याची पोती साहेबांच्या दारात नेऊन ठेवली.

"हे काय?"

"तुमच्याच झाडाचं. परक्याची वस्तू ठेवायची कशी?"

साहेब गोंधळले. "पाल्याबद्दल कायद्यात काही नाही."

"फळाच्याच कलमात नीट शोधा. तोवर पोती इथंच असू देत."