मागे साफ आहे

“मग तो खोटं का बोलला, बाबा?”

एवढं विचारून विंग कमांडर निकम खाली बसले. लगेच उठले. पुन्हा बसले, आणि या खेपेला पाठ भिंतीला लावून बसले.

आजऱ्याजवळच्या टेकडीवर रामलिंगबाबांचा मठ होता. मठ म्हणजे एक खोली आणि चूल. बाबा दोन्ही डोळ्यांनी आंधळे. चुलीपाशी बसून ते भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

“कोण खोटं बोललं?”

“केळुसकर. मघापासून त्याचंच तर सांगतोय.”

“परत सांग. मगाशी निम्मा वेळ तू दारातच हुतास.”

खरंच होतं ते. साहेबांच्या पायाला भिंगरी होती. लढाई संपून वर्षं लोटली, नोकरी संपली, पण एका जागी घटकाभर टेकतील तर शपथ. चालताना, जेवताना, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मान सारखी मागे वळायची. बायको म्हणे, नवरा आहे की दाणे टिपणारी चिमणी!

चिमणीला निदान आपण का वळतो ते ठाऊक नसतं. साहेबांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी पुन्हा सांगितलं.

शत्रूचा पूल उडवून दोन लढाऊ विमानं परत निघाली होती. पुढचं निकमांचं. त्याच्या टाकीला गोळी लागून इंधन गळत होतं, तळ कसाबसा गाठता येईल एवढंच उरलं होतं. मागचं विमान शिरीष केळुसकरचं. हवाई दलात अशा मागच्याला नंबर दोन म्हणतात. त्यानं पुढच्याची पाठ राखायची. पुढच्यानं पुढं बघायचं, मागचं सगळं त्याच्यावर सोपवायचं.

“मी रेडिओवर विचारलं, मागे काय दिसतंय? तो म्हणाला, ‘मागे साफ आहे, सर. तुम्ही पुढं बघा.’ ...बाबा, मागे शत्रूची दोन विमानं होती. हा पोरगा एकटा वळला आणि त्यांच्या अंगावर गेला. खालच्या आपल्या चौकीतल्या जवानांनी त्याचं विमान पडताना पाहिलं. मला कळलं ते जमिनीवर उतरल्यावर.”

“मग?”

“मग मला पदक मिळालं.”

पदक हा शब्द साहेबांनी शिवी हासडावी तसा उच्चारला.

“तू मागं बघितलं न्हाईस?”

“नाही.”

“का?”

“त्यानं सांगितलं होतं ना साफ आहे म्हणून! माझा नंबर दोन होता तो. त्याच्यावर नाही तर कुणावर भरवसा ठेवायचा?”

बाबांनी एक दाणा तोंडात टाकला.

“आणि आता सारखं बघतोस.”

निकमांच्या हातातली जीपची किल्ली तेवढी वाजत राहिली.

“हितनं कुठं जायचं?”

“वेंगुर्ल्याला. त्याच्या आईकडे. दरवर्षी जातो. दरवर्षी ती लेकाबद्दल एकच विचारते, ‘शेवटाक काय बोललो माझो झील?’ मी सांगतो, रेडिओ बंद पडला होता.”

“पडला हुता?”

“...नाही.”

“मग तू का खोटं बोललास?”

“कसं सांगू तिला? म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून...” साहेबांचा आवाज फाटला. “तिच्यासाठी म्हणून बोललो. आणि मला तिच्याकडं बघवत नाही म्हणूनही बोललो. यंदा ती अंथरुणाला खिळलीय, बाबा. पुढच्या वर्षी विचारायला असेल की नसेल. आज काहीतरी सांगायलाच हवं. म्हणून तर वाट वाकडी करून तुमच्याकडं आलो.”

बाबा उठले. भिंत चाचपत चाचपत आले.

“सर पुढं.”

“कुठं?”

“सर म्हटलं की.”

निकम पुढं सरकले. भिंत आणि त्यांची पाठ यांच्यामध्ये जागा झाली, तिथं बाबा बसले.

“आता दाराकडं बघ.”

दाराबाहेर ऊन होतं, लाल वाट होती, खाली जीप उभी होती. निकमांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांचा सगळा जीव पाठीत गोळा झाला होता. मागे शेंगेचं टरफल कुरकुरलं. मान वळू लागली. तोच मानगुटीवर म्हाताऱ्याचा खरखरीत हात आला.

“मागं साफ हाय.”

“बाबा... तुम्हाला तर दिसत नाही.”

“त्याला दिसत हुतं, तरी त्यो ह्येच म्हणाला. काय फरक पडला?”

निकमांना हुंदका आवरला नाही. इतक्या वर्षांत ना तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीपुढं ते रडले होते, ना त्या आईपुढं. इथं एका आंधळ्याकडे पाठ करून ते पोरासारखे रडले. मानेवरचा हात हलला नाही.

बऱ्याच वेळानं ते उठले. डोळे पुसले, किल्ली खिशात टाकली आणि दारात जाऊन थांबले. मागे पुन्हा टरफल फुटलं. मान तशीच राहिली.

“बाबा, आईला काय सांगू?” त्यांनी बाहेरच्या उन्हाकडं बघतच विचारलं.

“त्यो बोलला, त्येच.”