पिवळ्या चरबीचे मांस

फार पूर्वी, डोंगरापलीकडच्या एका मुलखात, एक गुराखी आणि एक खाटीक राहत असत. त्या मुलखातील लोक गुरांचे मांस खात. गुराखी गुरे वाढवी आणि खाटीक त्यांचे मांस बाजारात विकी.

गुराख्याची गुरे डोंगरमाथ्यावरील कुरणात चरत. त्यांना हाकावे लागत नसे. पोवळी नावाची एक तांबडी, वयस्क गाय पुढे चाले आणि सारा कळप तिच्या मागून जाई. कोणते गवत गोड, कोणता पाला विषारी, झरा कोणत्या खडकाआड आहे, हे वासरे तिच्याकडे पाहून शिकत. तीही आपल्या आईकडून असेच शिकली होती.

गवतावर वाढलेल्या त्या गुरांच्या मांसाला गडद लाल रंग असे व त्यांची चरबी पिवळसर असे.

पुढे त्या बाजारात दूरच्या शहरातून निराळे मांस येऊ लागले. तिकडची गुरे गोठ्यात बांधून, धान्याचा भरडा आणि पेंड चारून पुष्ट केलेली असत. त्यांची चरबी पांढरीशुभ्र दिसे.

एके दिवशी एक बाई खाटकाच्या दुकानात आली. तिने चरबीवर बोट दाबले आणि नाक मुरडले.

"काय हो, हे पिवळे पडलेले मांस आमच्या गळ्यात मारता? समोरच्या दुकानात पाहा, चरबी कशी कापसासारखी आहे!"

"बाई, हे आज सकाळचेच आहे."

"आज सकाळचे? मग माझे हे विरलेले लुगडेही आज सकाळीच विणले म्हणायचे!"

भोवतालची गिऱ्हाइके मोठ्याने हसली.

तो रंग हिरव्या गवताचा आहे, हे खाटकाला पक्के ठाऊक होते. तेवढे एक वाक्य सांगणे पुरेसे होते. परंतु चारचौघांत हसे झाल्यामुळे तो वरमला. बाई हातची जाऊ नये म्हणून तो मान डोलावून म्हणाला, "खरे आहे आपले. यापुढे पांढरेच ठेवीन."

त्याच दुपारी तो गुराख्याकडे गेला. "उद्यापासून गुरे दावणीला बांध. भरडा घाल, पेंड घाल. पिवळी चरबी आता कोणी घेत नाही."

"पण ती पिवळी का असते, हे तुम्ही जाणता ना?" गुराख्याने विचारले.

"मी जाणतो रे. गिऱ्हाईक जाणत नाही."

गुराख्याची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "मग सांगा की त्यांना, भावजी! तुमच्या तोंडाला कोणी मुसके बांधले आहे?"

"वहिनी, एक दिवस दुकानात उभ्या राहून पाहा, म्हणजे कळेल," असे म्हणून खाटीक निघून गेला.

गुराख्याची गुरे घेणारा दुसरा कोणीच नव्हता. त्याने जड हातांनी सारा कळप दावणीला बांधला.

इतर गुरांनी भरड्यात तोंड घातले. पोवळी मात्र गव्हाणीकडे पाठ करून डोंगराकडे पाहत राही. ती खंगू लागली, तेव्हा गुराख्याने तिचे दावे सोडले. "तू तरी जा, माये," तो म्हणाला. पोवळी फाटकापर्यंत गेली. तेथे तिने वळून पाहिले. मागून कोणीच येत नव्हते. ती सावकाश परत आली आणि आपल्या जागी उभी राहिली. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात तिने प्राण सोडला.

वर्षे लोटली. कुरणात चरलेली जुनी गुरे एकेक करून संपली. गोठ्यात वासरे जन्मली आणि गोठ्यातच वाढली. त्यांचे मांस पांढऱ्या चरबीचे होते व लोक ते घेत होते. पण हळूहळू घरोघरी कुरबुर सुरू झाली.

एकदा तीच बाई खाटकाला म्हणाली, "रश्श्यावर चरबीचा जाड थर येतो, पण चव म्हणून नाही. पूर्वी तुमच्याकडचे मांस शिजू लागले की साऱ्या आळीला कळायचे. ते पिवळे असायचे, तेच द्या ना."

खाटीक खाली मान घालून म्हणाला, "बाई, तो पिवळेपणा गवताचा होता. शिळेपणाचा नव्हे."

"अहो, मग तेव्हाच का नाही सांगितलेत? आम्ही काय तुम्हाला खाल्ले असते?"

खाटीक तसाच उठला व गुराख्याकडे गेला. दोघांनी आणि गुराख्याच्या बायकोने मिळून सारी दावी सोडली. अडखळणारी, धापा टाकणारी गुरे त्यांनी कशीबशी माथ्यावर नेली.

तेथे गुरांच्या पोटाला लागेल एवढे उंच गवत वाऱ्यावर डोलत होते. परंतु एकाही जनावराची मान खाली गेली नाही. ती गोठ्याच्या दिशेने तोंड करून हंबरत राहिली. एका वासराने मात्र एका झुडपाचा पाला तोंडात घेतला. गुराखी धावला व त्याने तो ओढून काढला. पाला विषारी होता.

खाटकाने मूठभर गवत उपटून एका बैलापुढे धरले. बैलाने ते हुंगले आणि तोंड फिरवले.

"शिकतील हळूहळू," खाटीक म्हणाला.

"कोणाकडे पाहून?" गुराख्याने विचारले.

सावल्या लांबल्या, तशी गुरे आपण होऊन गव्हाणीच्या दिशेने डोंगर उतरू लागली. ती तिघे त्यांच्या मागून चालली. खाटकाच्या मुठीत ते गवत तसेच होते.

तात्पर्य: जे खरे आपणांस ठाऊक आहे, ते हसे होण्याच्या भयाने दडवू नये. पुढे ते सांगण्याचे धैर्य येते, ऐकणारेही भेटतात. परंतु ज्यासाठी सांगावयाचे, तेच तोवर नाहीसे झालेले असते.