कारभाऱ्यांची पाटी

त्या राज्यात कोण कसा आहे हे पूर्वी गळ्यातल्या दोरीवरून कळत असे. दोरीत पानं ओवलेली असत: एक भित्रेपणाचं, एक गोड गळ्याचं, एखादं चालू आठवड्यातल्या सर्दीचं. सर्दी गेली की तिचं पान काढून टाकायचं. पण नवे कारभारी बगळेराव यांना एवढी पानं वाचायचा कंटाळा. त्यांनी फर्मान काढलं, की प्रत्येकाच्या दारावर एकच लाकडी पाटी असावी, तिच्यावर एकच शब्द, आणि पाटी सांगेल तेच खरं. काम सुतारपक्ष्याकडे आलं. दारात पोचल्या क्षणी जे दिसेल ते तो कोरायचा, चार खिळे ठोकायचा आणि पुढच्या दाराला जायचा.

चांदाक्का शेळीकडे तो आला तेव्हा ती अंग खाजवत होती. पाटी लागली, 'खरूज'. चांदाक्का म्हणजे राज्यातली सगळ्यांत जाणती सुईण. आठ दिवसांत तिची कातडी साफ झाली, पण खरजेला बाळंतिणीजवळ कोण येऊ देणार? निम्मं राज्य जिच्या पुढ्यात जन्मलं, तिच्या दारावरून लोक वळसा घालून जाऊ लागले. तिला याचं फार वाईट वाटे.

एका सकाळी सोनबा हरणाची बायको अडली. पिल्लू आडवं आलं होतं. सोनबा धावत चांदाक्काच्या दारापर्यंत आला आणि पाटी बघून थबकला. कारभाऱ्यांनी हुकूम दिला तरच नेतो म्हणाला. दोघं तशीच दरबारात गेली.

बगळेराव एका पायावर उभे होते. पाटी म्हणजे पाटी, एवढंच बोलून त्यांनी विषय संपवला. चांदाक्काच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिनं आवाज चढवला नाही. तान्ह्यांना निजवतानाचा सूर लावून तिनं अर्ज पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. चौथ्या वाक्याला कारभाऱ्यांची मान कलली.

सुतारपक्षी दरबाराच्या खांबावर खिळे सरळ करत बसला होता. "एक दार राहिलंय बघ," चांदाक्का हळूच म्हणाली.

त्यानं पाहिलं, कोरलं आणि ठोकलं. ठकठकीनं बगळेराव दचकून उठले. डोक्यावर दरबाराच्या चौकटीला पाटी होती, 'झोप'. ती काढा म्हणून ते ओरडले. पहाऱ्यावरच्या दोन्ही कासवांनी पाटी नीट वाचली.

"झोपेत बरळतायत," थोरलं कासव कुजबुजलं.

मग बगळेरावांनी राज्यातल्या सगळ्याच पाट्या रद्द केल्या. शेळीला बाळंतिणीकडे जाऊ द्या, असंही बजावलं. स्वप्न मोठं दिसतंय, यावर कासवांचं एकमत झालं.

सोनबा कारभाऱ्यांच्या टक्क उघड्या डोळ्यांकडे पाहत राहिला. मग त्यानं चांदाक्काकडे पाहिलं, पाटी लागल्यापासून बहुतेक पहिल्यांदाच. तिचं गाठोडं त्यानं आपल्या शिंगांत अडकवलं.

"चल अक्का," तो म्हणाला. "उशीर होतोय."

ती दोघं पळत निघाली. इकडे कासवं पावलं न वाजवता एक जाड गोधडी घेऊन आली, ओरडणाऱ्या बगळेरावांना चोचीपर्यंत पांघरूण घातलं, आणि दाराशी जमलेल्यांना गप्प राहण्याची खूण केली.