बावीस फूट

"म्हणजे या पोराने उडी मारूच नये, असं म्हणतोस?" भैरवगिरी महाराजांनी विचारलं.

"मारू दे की. विक्रम होणार नाही, एवढंच माझं म्हणणं," युवराज म्हणाला.

युवराज पुण्यात संख्याशास्त्र शिकवतो. बारा वर्षांपूर्वी महाराजांच्या याच मठात, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, त्याने एकवीस फूट अकरा इंच लांब उडी मारली होती. मठाच्या भिंतीवर गेरूने लिहिलेल्या बासष्ट वर्षांच्या विक्रमांत तोच शेवटचा आणि सगळ्यांत मोठा. तेव्हापासून गडी जमिनीवर आलाच नव्हता.

यंदा आखाजीच्या दोन दिवस आधी तो आला, तो आलेख घेऊनच. महाराजांपुढे त्याने तो सतरंजीसारखा अंथरला.

"पहिल्या वीस वर्षांत विक्रम अडीच फुटांनी वाढला. पुढच्या वीस वर्षांत नऊ इंचांनी. त्यानंतर फक्त दोन इंचांनी. रेषा सपाट होत चाललीय, महाराज. बावीस फूट ही मर्यादा. त्यापलीकडे जाणारा माणूस आपल्या मातीत नाही."

समोर देवा पावरा बसला होता. सातपुड्यातला, विशी ओलांडलेला. या एका उडीसाठी तो तीन वर्षं मठात राहून घाम गाळत होता.

"बाहेर लोक अठ्ठावीस फुटांवर जातात," देवा म्हणाला.

"ती माणसं वेगळी. त्यांचा खुराक वेगळा."

देवाचा चेहरा उतरला. "मग मी घरी जाऊ का, महाराज?"

महाराजांनी त्याला हातानेच थांबवलं.

मग ते युवराजला म्हणाले, "टेप आणलीस ना? उडीच्या फळीपासून वाळूच्या खड्ड्याच्या टोकाचे दगड किती लांब आहेत, मोज."

युवराजने मोजलं. तेवीस फूट.

"हा आकडा तुझ्या कागदावर कुठे आहे?"

"खड्ड्याचा काय संबंध? मी माणसांच्या उड्या मोजल्या."

"बरं. तुझी ती उडी आठव. हवेत होतास, तेव्हा समोर काय दिसलं?"

युवराज हसला. मग हसू मावळलं...

"दगड."

"मग?"

"...पाय आखडले. आदल्या वर्षी एकाची नडगी फुटलेली पाहिली होती."

बारा वर्षांत हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. कोणाचा, ते मात्र कळेना.

महाराज उठले. ऐंशीच्या घरातला माणूस, पण पहार स्वतः उचलून आणली आणि टोकाच्या पहिल्या दगडाखाली घातली.

युवराज ओरडला, "महाराज! हे दगड तुमच्या गुरूंनी बसवलेत!"

"हो. त्यांच्या काळी अठरा फुटांचं कौतुक होतं. त्यांना वाटलं, तेवीस म्हणजे पुष्कळ झाले."

"पण गुरूंचं बांधकाम कोणी उकरतं का?"

"चेलाच उकरतो. परका कशाला उकरेल?"

दगड हलला. देवाने धावत येऊन दुसऱ्या बाजूने जोर लावला. युवराज बराच वेळ आलेख हातात धरून उभा होता. मग त्याने तो बाजूला ठेवला, बाह्या सरसावल्या आणि तोही वाकला. दगडांपलीकडची जमीन कडक होती. ती खणली, नदीवरून पाट्या भरभरून वाळू आणून ओतली. तिघांच्या हाताला फोड आले. दुपार टळली.

आखाजीची वाट न पाहता देवा धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. युवराज टेप घेऊन सवयीने बावीस फुटांच्या खुणेशी थांबला, वाळूतच.

"तिथे नको," महाराज म्हणाले. "मागे सर."

तो फूटभर सरकला.

"आणखी."

"पण किती, महाराज?"

तिकडे देवाने पहिलं पाऊल टाकलं होतं.

"मला काय विचारतोस? तो निघाला... सरक!"