सात बावीसचा मुहूर्त

“...मग मास्तर, कडेला मखमल लावू की नुसती लोकरच ठेवू? मला शोभेल काय, तेवढं सांगा.”

केतकीने हे तिसऱ्यांदा विचारलं. पतंगे मास्तर सुईत दोरा ओवत होते. ऐंशीला टेकले, पण अजून चष्म्याशिवाय ओवतात.

मी कोपऱ्यात काजं करत बसलो होतो. चाळीस वर्षं या दुकानात काढली. सगळं कानावर पडतं, बोलायचं मात्र नाही.

केतकी निसळ मास्तरांकडेच शिकलेली. आता नाशकात तिचं स्वतःचं बुटीक आहे. हातात कला आहेच, पण नाकही तेवढंच वर! आजवर दुसऱ्यांच्या नवऱ्या नटवल्या, आता तिचंच लग्न होतं.

तेही कुठे? निफाडला, द्राक्षांच्या मळ्यात, उघड्यावर. ऐन डिसेंबरात, सकाळी सात बावीसच्या मुहूर्तावर!

अहो, तिथे त्या दिवसांत द्राक्षं जगवायला लोक बागेत शेकोट्या पेटवतात.

“सूर्य बरोब्बर पाठीमागून वर येतो तेव्हा,” ती म्हणाली. “पारा पाचावर जाऊ दे. मी कुडकुडणार नाही आणि गबाळीही दिसणार नाही. दोन्ही जमवणार म्हणजे जमवणार.”

तिने टेबलावर कापड उलगडलं. सायीच्या रंगाची लोकर, अखंड. कुलूच्या एका विणकराकडे चार महिने तगादा लावून मिळवलेली. हात ठेवला की उचलावासा वाटत नव्हता. शेजारी तिने काढलेलं चित्र ठेवलं. नऊवारीवर घोट्यापर्यंत येणारा अंगरखा, उभी कॉलर, जरीचा काठ.

मी मनात म्हटलं, जिंकलीस गं पोरी.

मास्तरांनी चित्र पाहिलं. सुई बाजूला ठेवली.

मग त्यांनी स्वेटर काढला.

सदरा काढला. आतली बंडीसुद्धा काढली. उघड्या अंगाने स्टुलावर मांडी घालून बसले.

सकाळचे आठ वाजलेले. दुकानाचं शटर वर, समोरून गार वारा. मला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला.

“मास्तर! हे काय?”

“तू बोल. मखमलीचं काय म्हणत होतीस?”

“मखमल... म्हणजे कडेला बोटभर... अहो, स्वेटर घाला ना. बाधेल तुम्हाला.”

“कन्यादानाला किती वेळ लागतो?”

“अर्धा तास, असं गुरुजी म्हणाले. पण त्याचा इथे काय संबंध?”

“मग अर्धा तास बसतो.”

ती चिडली. मास्तर असं कोड्यात बोलले की ती शिकतानाही चिडायची. हट्टाने पुढे बोलत राहिली. अस्तर कसलं, बाह्या कुठवर, बटणं कोणती... मास्तर मान डोलवत होते. त्यांच्या दंडावर काटा आला. मग हनुवटी थरथरायला लागली.

माझ्याने बघवेना. मी स्वेटर उचलून पुढे केला, तर त्यांनी डोळे वटारले. गुपचूप बसलो.

बाहेर बाकावर कुणीतरी खोकलं. लांब, कोरडा खोकला.

केतकीचे वडील होते ते. भाऊसाहेब. तिला सोडायला आले होते आणि उन्हाचा तुकडा बघून मफलर गुंडाळून बाहेरच बसले होते. दिवाळीत न्यूमोनियाने आठ दिवस दवाखान्यात काढलेला माणूस.

केतकी बोलता बोलता थांबली.

तिने मास्तरांच्या उघड्या छातीकडे पाहिलं. मग बाहेर पाहिलं.

“बाबा...” ती हळूच म्हणाली. “कन्यादानाला बाबा सोवळं नेसून बसणार. अंगावर नुसतं उपरणं.”



ती धावतच बाहेर गेली आणि वडिलांना दंडाला धरून आत घेऊन आली.

“बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं?”

“उघड्या अंगाने बसणार होतात? त्या थंडीत? आठ दिवस ऑक्सिजनवर होतात तुम्ही!”

“अगं, तुझी हौस. अर्ध्या तासाने काय होतंय?”

“मी चार महिने या कापडामागे धावले आणि तुमचा विचारही आला नाही माझ्या मनात! मुहूर्तच बदलते. दुपारचा घेते.”

“खबरदार!” भाऊसाहेब एवढे मोठ्याने म्हणाले, की त्यांना पुन्हा खोकला आला. खोकला संपेपर्यंत आम्ही सगळे थांबलो. “तो सूर्य मलाही बघायचाय. तू समोर उभी असताना. दवाखान्यात पडल्या पडल्या तेवढंच मनात होतं माझ्या.”

लेक हट्टी, बाप तिच्याहून हट्टी.

“लोकर सोवळ्यात चालते,” मास्तर म्हणाले. “जुनी माणसं लोकरीची धाबळी नेसूनच पूजेला बसायची.”

एवढंच बोलले.

केतकीने टेबलाकडे पाहिलं.

“किती लागेल?”

“नेसायला एक, पांघरायला एक.”

“म्हणजे...”

“सगळं.”

माझा हात काजावर थांबला. चार महिन्यांचं कापड!

केतकीने चित्राची घडी घालून पर्समध्ये टाकली. कापड उचललं आणि वडिलांच्या खांद्यावरून दुहेरी लपेटलं. गळ्याशी नीट खोचलं.

“अगं, तुझा अंगरखा!”

“राहू दे.”

“मग तू काय घालणार?”

“मामाने दिलेली पिवळी साडी. आत थर्मल, पायांत मोजे. फोटोत दिसले तर दिसू देत. आणि बाबा, तुमच्या मागे एक शेगडी असणार, दोन्ही बाजूंनी माणसं उभी असणार. गुरुजींशी मी बोलते. यात आता बदल नाही.”

भाऊसाहेबांनी कापडावरून हात फिरवला. डोळे पुसायला मफलरचं टोक शोधत राहिले.

मी मास्तरांच्या खांद्यावर स्वेटर टाकला. या वेळी त्यांनी तो घालून घेतला आणि पुन्हा सुई हातात घेतली.

केतकी दारापर्यंत गेली. तिथून वळली. शेवटी नवरीच ती.

“मास्तर... पण मला शोभेल ना?”

मास्तरांनी वर पाहिलंही नाही.

“आता काहीही नेस.”