एका घागरीत किती कोस

त्या राज्यातलं शेवटचं तळं आटलं होतं. दुसरं तळं शंभर कोसांवर होतं, आणि पाण्याच्या तीस घागरी तेवढ्या उरल्या होत्या. थोरली जनावरं तहानेनं गेली. राहिली ती सगळ्यांची पिल्लं, त्यांना पाठीवरून नेणारी हत्तीण, एक हरणी, एक म्हातारं कासव आणि सभा. सभा काही मरत नाही. ती पक्ष्यांची होती. त्यांना केव्हाही उडून जाता येत होतं, म्हणून चालणाऱ्यांचे निर्णय त्यांच्याकडे होते.

वाडवडिलांपासून माप एकच: एका घागरीत किती कोस. हरणी वीस कोस जाई. हत्तीण, पाठीवरल्या पिल्लांच्या घोटांसकट, दोनच. त्यामुळे हरणीला मान होता आणि हत्तिणीला टोमणे.

सभेजवळ एक मुळी होती. ती खाणारा तेवढ्याच पाण्यात दुप्पट चाले. पण मुळी एकालाच पुरणार होती.

"हरणीला दिली तर वीस कोस वाढतात, हत्तिणीला दिली तर दोन," मापाडी पोपट म्हणाला. "यात विचार कसला करायचा?"

"अहो मापाडी, उलटं मोजा की," कासव म्हणालं. "शंभर कोसांना किती घागरी? मुळी खाऊन हत्तिणीला पंचवीस लागतील, हरणीला न खाता पाच. झाल्या तीस. सगळे पोचतात."

"ही वाळल्या नदीपलीकडची मापं, आजोबा. इथं नकोत. आणि चालण्यातलं तुम्ही सांगावं?"

सभा खदखदून हसली. हरणीला कासवाचं म्हणणं कळलं होतं. पण चाळीस हा आकडा तिला फार आवडला. तिनं मुळी खाल्ली, आपल्या अडीच घागरी घेतल्या आणि ती पुढे निघाली. हत्तिणीच्या वाट्याला साडेसत्तावीस आल्या. तिनं काही मागितलं नाही. पिल्लं नीट बसलीत ना, एवढं सोंडेनं चाचपून पाहिलं.

पंचावन्नाव्या कोसाला शेवटची घागर पालथी झाली. तिच्यातलं उरलंसुरलं हत्तिणीनं पिल्लांच्या ओठांना लावलं. मग, कुणी पडू नये म्हणून, तिनं फार हळू गुडघे टेकले.

तेवढ्यात पुढून पोपट उडत आला. "एका घागरीत चाळीस कोस! या राज्यात असं कधी झालं नव्हतं!" तो वरूनच ओरडला.

सभेनं शिकवलं होतं तसा, हत्तिणीच्या पाठीवर बसूनच, पिल्लांनी कोरड्या घशांनी हरणीचा जयजयकार केला.